व्होल्टेज कमी आहे, कळावे

रास्पबेरी पाय नावाचा एक छोटा संगणक मिळतो. आकार एटीएम कार्डाएवढा. मुलांना प्रोग्रामिंग शिकवायचं या उदात्त हेतूने तो घरात येतो आणि बहुधा बापाच्याच टेबलावर राहतो. त्याला टीव्हीची वायर जोडली, कीबोर्ड लावला आणि फोनचा जुना चार्जर खुपसला, की पुष्कळदा पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात विजेची एक पिवळी खूण उमटते. सोबत मजकूर नाही, बटण नाही, 'ठीक आहे' म्हणून वाटेला लावायची सोय नाही. पाच व्होल्टवर चालणाऱ्या या बोर्डाला ४.६३ व्होल्टपेक्षा कमी मिळू लागलं की ती येते आणि पुरवठा सुधारला की जाते.

ती दिसल्यावर माणसं काय करतात हे पाहण्यासारखं असतं. वीज का कमी पडतेय हे शोधणारे थोडे. बाकीचे खूण कशी घालवायची ते शोधतात. आणि तशी सोय आहे! कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ लिहिली की खूण गायब. वीज तेवढीच कमी, पडदा मात्र स्वच्छ. ज्यांनी विचारपूर्वक इशारा बसवला, त्यांनाच तो लपवण्याची ओळही द्यावी लागली. त्या मंडळींचा मनुष्यस्वभावाचा अभ्यास चांगला असावा.

बिचाऱ्या चार्जरचा यात अनेकदा दोष नसतो. दोष वायरचा असतो. चार्जरच्या तोंडाशी पाच व्होल्ट बरोबर असतात. पण बारीक तारेच्या केबलचा रोध पाव ओहम असला आणि तिच्यातून दोन अँपिअर जायला लागले, की अर्धा व्होल्ट वाटेतच संपतो. ओहमचा नियम, शाळेतलं गणित. या बोर्डाचा अधिकृत अडॅप्टर म्हणूनच ५ ऐवजी ५.१ व्होल्टचा असतो. वरचा एक दशांश वाटखर्चाला. आपण मात्र चार्जरच्या पाठीवर छापलेलं वाचून निर्धास्त असतो. छापलेलं आपल्याकडे खरंच असतं.

माझ्या पोटापाण्याचा धंदा या खुणेच्या जरा खालच्या मजल्यावर चालतो: ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात, जिथे हार्डवेअरची कुरकुर ऐकून ती वर कुणाला तरी कळवायची असते. यंत्राला बोलता यायला लागलं हे कौतुकाचं खरं. पण त्याने कधी बोलावं, कुणापाशी बोलावं आणि मुख्य म्हणजे कधी गप्प बसावं, हे ठरवण्यात या धंद्यातल्या माणसांचं अर्धं आयुष्य जातं. उरलेलं अर्धं ते ठरवणाऱ्या बैठकांत.

पिवळी खूण बोर्डावरचं फर्मवेअर स्वतः काढतं. त्याच बातमीसाठी लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये, म्हणजे तिच्या गाभ्यात, एक वेगळा छोटा ड्रायव्हर आहे, २०१८ साली आलेला. तो दर दोन सेकंदांनी फर्मवेअरला विचारतो, की बाबा, व्होल्टेज पडलं होतं का? पडलं असेल तर लॉगमध्ये लिहितो, 'अंडरव्होल्टेज डिटेक्टेड', आणि पुढे उद्गारचिन्ह. सावरलं की लिहितो, 'व्होल्टेज नॉर्मलाइज्ड', उद्गारचिन्हाशिवाय. पहिली ओळ 'क्रिटिकल' दर्जाची, दुसरी नुसती 'इन्फो'. म्हणजे लॉगमधल्या गंभीर ओळी तेवढ्याच चाळणाऱ्याला बिघडल्याचं कळतं, सुधारल्याचं कळत नाही. माणसांच्या बातम्याही अशाच पसरतात.

पण मधल्या दोन सेकंदांत काय? तेवढ्यात व्होल्टेज पडून सावरलं, तर विचारायला आलेल्याला सगळं छानच दिसणार. म्हणून फर्मवेअर दोन वेगळ्या नोंदी ठेवतं. एक, 'आत्ता कमी आहे'. दुसरी, 'मध्यंतरी कमी होऊन गेलं'. या दुसऱ्या नोंदीचा मी चाहता आहे. 'आत्ता सगळं ठीक आहे' हे उत्तर शंभर टक्के खरं असूनही निरुपयोगी असू शकतं, हे ज्याने ओळखलं त्याने हे काम करताना पुष्कळ रात्री जागवल्या असणार. या नोंदींचा मिळून एक आकडा निघतो. तो '५०००५' आला की जाणकार एकमेकांकडे पाहून मान हलवतात: आत्ताही कमी, आधीही कमी, आणि म्हणून प्रोसेसरचा वेगही कापलेला. '५००००' आला तर संशयित सध्या शहाण्यासारखा वागतोय, पण त्याच्या नावावर जुनी नोंद आहे.

लिनक्समध्ये अशा सगळ्या मोजमापांचं एक खातंच आहे. त्याला 'एचडब्ल्यूमॉन' म्हणतात. नावात काव्य नाही, कामातही नाही. प्रत्येक मापाला एक छोटी फाइल आणि फाइलमध्ये एक आकडा. व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये, प्रवाह मिलिअँपिअरमध्ये, पॉवर मायक्रोवॅटमध्ये, तापमान अंशाच्या हजाराव्या भागात. कर्नलमध्ये अपूर्णांकांची गणितं टाळतात, म्हणून एककच एवढं लहान घ्यायचं की सगळं पूर्णांकात बसावं. पहिल्यांदा ती फाइल उघडणाऱ्याला आपला प्रोसेसर ४५००० वर तापलेला दिसतो आणि तो पंखा शोधायला धावतो. इशाऱ्याच्या फाइलमध्ये तर शून्य किंवा एक, बस. एक म्हणजे गडबड आहे. किती आहे, कशाने झाली, आता कुणी काय करायचं, हे वाचणाऱ्याने बघावं.

हा कोरडेपणा मुद्दाम ठेवलेला आहे. कर्नलला ठाऊक नसतं की वाचणारा कोण आहे. तो दवाखान्यातलं उपकरण असेल, कारखान्यातलं यंत्र असेल, नाहीतर कुणाच्या माळ्यावर धूळ खात पडलेला सर्व्हर. एकाला बारा व्होल्टचे साडेअकरा झाले तर हाहाकार, दुसऱ्याला त्याचं सोयरसुतक नाही. तेव्हा मोजायचं आम्ही, ठरवायचं तुम्ही, अशी विभागणी. मला ती पटते. न विचारता सल्ला देणारं कर्नल ही कल्पनाच सहन होत नाही. तेवढ्यासाठी नातेवाईक पुरेसे आहेत.

मात्र मोजलेलं सगळ्यांना उघडं ठेवावं का, हा प्रश्न एकदा अनपेक्षित बाजूने आला. प्रोसेसर किती ऊर्जा खातोय ते सांगणारी अशीच एक फाइल होती, कुणीही वाचावी अशी. वीजबिलात लपवण्यासारखं काय असतं? पण २०२० साली ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या तंत्र विद्यापीठातल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह दाखवून दिलं, की इंटेलच्या प्रोसेसरवर हा आकडा बारकाईने पाहत राहिलं तर आत चाललेल्या गुप्त गणिताच्या किल्ल्या बाहेर काढता येतात. वेगवेगळ्या आकड्यांवर काम करताना प्रोसेसर किंचित वेगवेगळी वीज खातो, एवढंच निमित्त. त्यानंतर लिनक्सने ती फाइल मुख्य प्रशासकापुरती ठेवली.

आता मोजलेलंच चुकीचं असलं तर? १९९० च्या दशकाच्या शेवटी मदरबोर्डवर तापमान-व्होल्टेज मोजणाऱ्या चिप्स सर्रास दिसू लागल्या आणि 'एलएम-सेन्सर्स' नावाचा प्रकल्प त्यांची भाषा शिकायला बसला. अशा चिपला थेट बारा व्होल्ट सोसत नाहीत. म्हणून दोन रेझिस्टर लावून त्यातला काही हिस्साच तिला दाखवतात. कोणते रेझिस्टर, ते मदरबोर्ड बनवणाऱ्यालाच ठाऊक आणि तो सहसा सांगत नाही. मग कॉन्फिग फाइलमध्ये बोर्डाबोर्डाचे गुणाकार लिहायचे. ते बसले तर बारा व्होल्ट बारा दिसतात, नाही तर भलतंच काही. त्यात कमाल-किमान मर्यादा कुणी भरलेल्याच नसतात. त्यामुळे 'सेन्सर्स' असं टाइप केलं की एखादं व्होल्टेज अगदी हवं तेवढं, त्याच्या शेजारी किमान शून्य, कमाल शून्य, आणि त्याच्याही शेजारी ठसठशीत 'अलार्म'. पहिल्या दिवशी माणूस दचकतो. आठवडाभराने त्याचा डोळा त्या शब्दावरून सहज पुढे सरकतो. वर्षाने पुरवठा खरोखर बिघडतो तेव्हा त्याच जागी तोच शब्द तितक्याच ठसठशीतपणे उभा असतो, आणि तो कुणी वाचत नाही. माझ्या मते हे मुक्या यंत्रापेक्षा वाईट. मुकं यंत्र निदान विश्वास तरी खर्च करत नाही.

आणखी एक गंमत. एचडब्ल्यूमॉन खात्याच्या रिवाजाप्रमाणे नेहमीचे इशारे वाचले की आपोआप पुसले जातात. कारण कायम असेल तर पुन्हा उमटतात. दोन प्रोग्रॅम एकाच इशाऱ्यावर नजर ठेवून असले, तर ज्याने आधी वाचला त्याला बातमी मिळते आणि दुसऱ्याच्या लेखी काही घडलेलंच नसतं. अपवाद संगणकाची पेटी कुणीतरी उघडल्याच्या इशाऱ्याचा. तो तुम्ही स्वतः त्या फाइलमध्ये शून्य लिहून पुसल्याशिवाय हटत नाही. वीज पडली-सावरली हे विसरता येईल, पण झाकण कुणी काढलं ते नाही! नियम करणाऱ्यांना कशाची भीती जास्त वाटत होती ते यावरून कळतं.

बोलायची सीमारेषा एकच ठेवली तर काय होतं, हे ज्यांच्या घरी फ्रिजला जुना स्टॅबिलायझर होता त्यांना सांगायला नको. संध्याकाळी सातच्या सुमाराला गावभर दिवे लागले, व्होल्टेज त्या रेषेच्या आसपास लोंबकळायला लागलं, की डब्यातून सुरू: टक. टक. टक टक. जेवणं होईपर्यंत कुणीतरी वैतागून उठायचं आणि फ्रिजच बंद करायचं. म्हणजे संरक्षणासाठी आणलेल्या डब्यापासून फ्रिजचं संरक्षण.

यावरचा तोडगा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी फार आधी काढला आहे. एलएम७५ नावाची तापमान मोजणारी नखाएवढी चिप आहे, वर्षानुवर्षं ठिकठिकाणी वापरली गेलेली. तिच्या मूळ मांडणीत दोन रेषा आहेत. ८० अंशांच्या वर गेलं की तक्रार सुरू. पण ती मागे घ्यायची ७५ च्या खाली आल्यावरच. मधल्या पाच अंशांत आधीचं मत कायम. शिवाय तिला सांगून ठेवता येतं, की एका मोजमापावर विसंबू नकोस. ओळीने २ वेळा, ४ वेळा, नाही तर ६ वेळा रेषा ओलांडलेली दिसली तरच बोल. मला या चिपबद्दल आदर आहे. सहा वेळा त्रास होऊन मग तोंड उघडणारी व्यक्ती माझ्या पाहण्यात नाही. मी स्वतः दुसऱ्या खेपेलाच सुरू होतो.

संयमालाही किंमत असते म्हणा. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची आयएनए२२६ ही चिप व्होल्टेज आणि प्रवाह मोजते, आणि हवं तर १०२४ मोजमापांची सरासरी काढून मगच मत देते. विचारी स्वभाव. फक्त सरासरी निघेपर्यंत ज्याला जळायचं ते जळून गेलेलं असू शकतं. म्हणून तिलाही ठरवून द्यावं लागतं, कुठे विचार करायचा आणि कुठे ओरडायचं.

व्होल्टेज कमी पडणं वेगळं आणि लाईट जाणं वेगळं. लाईट गेल्याची वर्दी द्यायला लिनक्समध्ये एक खास सिग्नल आहे, एसआयजीपीडब्ल्यूआर, नेहमीच्या संगणकांवर क्रमांक ३०. युनिक्सच्या सिस्टिम फाइव्ह घराण्यातून आलेला. त्याचा मूळ स्वभाव असा, की तो आल्यावर काय करायचं हे ज्या प्रोग्रॅमने ठरवून ठेवलेलं नाही, तो प्रोग्रॅम जागीच संपतो. लाईट चालले एवढं ऐकून थेट प्राण सोडायचे! इतकी टोकाची प्रतिक्रिया आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेतसुद्धा येत नाही.

प्रत्यक्षात तो सिग्नल जायचा 'इनिट'कडे. संगणक सुरू होताना सर्वांत आधी उठणारा आणि सर्वांत शेवटी झोपणारा हा प्रोग्रॅम. जुन्या इनिटची रीत अशी. यूपीएसवर नजर ठेवणारा प्रोग्रॅम एका ठरलेल्या फाइलमध्ये एकच अक्षर लिहायचा आणि इनिटला हलवून जागं करायचा. अक्षर 'एफ' असेल तर लाईट गेले, आपण यूपीएसवर आहोत. 'एल' असेल तर यूपीएसची बॅटरीही संपत आली. 'ओ' असेल तर आले लाईट. प्रत्येक अक्षरापुढे काय करायचं ते इनिटच्या यादीत आधीच लिहिलेलं: एफला तयारी, एलला आवराआवर, ओला तयारी रद्द. या अख्ख्या विषयातली मला सर्वांत आवडणारी रचना हीच. यात आकडे नाहीत, आलेख नाहीत, लाल-पिवळं काही नाही. पण तिन्ही वेळा ऐकणाऱ्याला हात कुठे घालायचा ते माहीत आहे, आणि 'काही नाही, चालू द्या' हे सांगण्यासाठीही एक अक्षर राखून ठेवलंय. किती इशाऱ्यांत ते असतं?

आज हेच काम 'नट' म्हणजे नेटवर्क यूपीएस टूल्स करतं, थोड्या जास्त अक्षरांत. त्यात एक शहाणी सोय आहे. लाईट गेले की लगेच बोंब मारायची नाही, टायमर लावायचा, समजा तीस सेकंदांचा. तेवढ्यात आले तर टायमर रद्द, कुणाला पत्ताही नाही. ज्याने वळवाच्या पावसातली संध्याकाळ काढली आहे त्याला या टायमरचं मोल कळेल. नाही तर दर गडगडाटाला दोन मेल, एक गेल्याचा आणि एक आल्याचा.

यूपीएसचा बीप मात्र मला आजतागायत उमजलेला नाही. तो कुणासाठी असतो? जो शेजारी बसलाय त्याला अंधारावरून कळलेलंच आहे. ज्याने सर्व्हर नीट बंद करायचा तो दुसऱ्या मजल्यावर, नाही तर दुसऱ्या गावात. ज्याला ऐकू येतंय त्याच्या हातात काही नाही आणि ज्याच्या हातात आहे त्याला ऐकू येत नाही. त्यामुळे नव्या ऑफिसात माणूस सर्वांत आधी काय शिकत असेल, तर बीप बंद करायला कोणतं बटण किती वेळ दाबून धरायचं ते.

त्यापेक्षा महाराष्ट्रात भारनियमन जोरात होतं त्या वर्षांत वर्तमानपत्रात येणारं वेळापत्रक बघा. कोणत्या भागात, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत. त्यावर लोकांनी पाण्याच्या मोटारी लावल्या, इस्त्र्या उरकल्या, गिरणीत दळणाचे डबे आधी नेऊन ठेवले, कुणी दुपारची झोपही बेतली. कुणाचे जाणार, कधी जाणार, कधी येणार, सगळं आधी. इशारा म्हणून मी त्या चौकटीला पैकीच्या पैकी गुण देईन. वीज नव्हती, एवढीच काय ती उणीव.

बॅटरीवरच्या यंत्रांनी हे आधी सांगण्याचं तंत्र जरा लवकर उचललं. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय नावाचं प्रमाण आणलं. हार्डवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांनी विजेविषयी एकमेकांशी कसं बोलावं याचे नियम त्यात आहेत. बॅटरी बनवणारा 'इथे सावध करा' आणि 'इथे संपलं समजा' असे दोन टप्पे स्वतः सांगू शकतो. आणि ऑपरेटिंग सिस्टिमला दर घडीला 'किती राहिली, किती राहिली' विचारत बसायला नको. अमुक पातळीला आली की मला सांग, असं बॅटरीला बजावून ती निवांत राहू शकते. आयफोन २० टक्क्यांना एकदा सांगतो, १० टक्क्यांना पुन्हा सांगतो. त्या दोन पाट्यांच्या मधला काळ आपण 'अजून आहे की' असं म्हणण्यात घालवतो.

टक्का हा तसा सौजन्याचा भाग आहे. बॅटरी म्हातारी झाली की तिचा आतला रोध वाढतो. फोनने एकदम जोर लावला की व्होल्टेज कोसळतं आणि पडद्यावर तीस टक्के दिसत असताना फोन मिटतो. तो तीस टक्क्यांचा आकडा खोटा नसतो. फक्त त्या क्षणी जे विचारायला हवं होतं त्याचं ते उत्तर नसतं. ॲपलने यावर उपाय केला. जानेवारी २०१७ च्या आयओएस १०.२.१ मध्ये जुन्या बॅटरीच्या फोनना जोराच्या वेळी थोडं हळू चालायला लावलं, म्हणजे ते अचानक बंद पडणार नाहीत. अभियांत्रिकी म्हणून उपाय सरळ होता. पण ज्यांचा फोन हळू झाला त्यांना ते कुणी धडपणे सांगितलं नाही. डिसेंबरात उलगडा झाला तेव्हा लोक संतापले, कंपनीने जाहीर माफी मागितली, अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणला, आणि मार्च २०१८ मध्ये आयओएस ११.३ बरोबर बॅटरीची तब्येत दाखवणारं एक पान दिलं. पुढे २०२० मध्ये दाव्यात ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड झाली. सेटिंग्जमधलं एक पान आधीच दिलं असतं तर केवढ्याला पडलं असतं, हा हिशेब मी अधूनमधून बैठकीत मांडतो. ऐकून सगळे मान डोलावतात आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतात.

आतापर्यंतचा कारभार सेकंद-मिनिटांचा. त्याच्या खाली एक वेगळाच प्रांत आहे. गाडीत किंवा कारखान्यात बसवलेला एखादा बोर्ड घ्या. ना बॅटरी, ना यूपीएस. पुरवठा तुटला की कपॅसिटरमध्ये जी काय शिल्लक असेल ती. तेवढ्यात मेमरीत चाललेलं लिखाण नीट थांबवलं नाही तर आतला साठा खराब होऊ शकतो. इथे 'मोजायचं आम्ही, ठरवायचं तुम्ही' म्हणायला वेळच नसतो. वर विचारून उत्तर येईपर्यंत विचारणाराच उरत नाही. २०२१ साली कर्नलमध्ये बोर्डावरच्या वीजपुरवठ्याच्या तक्रारींचे तीन दर्जे केले गेले. पहिला: काहीतरी बिनसतंय, अजून सावरता येईल. दुसरा: सावरण्यापलीकडे गेलंय, हार्डवेअरवर भरवसा ठेवू नका. तिसऱ्यात हार्डवेअर कुणाला न विचारता स्वतःच दार लावून घेतं. त्याच सुमाराला संगणक बंद करायची एक नवी वाटही आली: आधी रीतसर बंद व्हायला सांगायचं, आणि दिलेल्या मिलिसेकंदांत ते झालं नाही तर सरळ वीज तोडायची.

पुढे या यंत्रणेत आणखी एक आकडा आला. महत्त्वाच्या पुरवठ्याचं व्होल्टेज कोसळल्यावर फारशा तातडीची नसलेली कामं, उदाहरणार्थ सविस्तर नोंद लिहिणं, करायला किती मिलिसेकंद आहेत, तो आकडा. बोर्ड बनवणाऱ्याने काही सांगितलं नाही तर १० धरतात. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची, तेव्हा दहा मिलिसेकंद म्हणजे तिची अर्धी लाट. माणसाची पापणी मिटून उघडायला त्याच्या दहापट तरी लागतात. तेवढ्यात पडद्यावर पाटी दाखवायची सूचना एका बैठकीत खरोखर आली होती. पाटी कोणत्या रंगाची असावी यावर पाच मिनिटं चर्चाही झाली.

मोठ्या सर्व्हरमध्ये वेळ असतो, तिथे अडचण वेगळी. तक्रार करणारे पुष्कळ. वीज सांभाळणाऱ्या अनेक चिप्स एकाच तारेवर बसलेल्या असतात, आणि ज्याची तक्रार असेल तो ती तार खाली ओढतो. मुख्य संगणकाला एवढंच कळतं की कुणीतरी ओढली. बाई फळ्याकडे तोंड करून लिहीत असताना मागून आवाज यावा तसं. मग बाई वळतात आणि विचारतात, 'कोण बोललं?' संगणकही एका ठरलेल्या पत्त्यावर हेच विचारतो. फरक इतकाच, की इथे जो बोललाय तो प्रामाणिकपणे हात वर करतो. दोघे-तिघे बोललेले असतील तर ज्याचा पत्त्याचा क्रमांक सर्वांत लहान त्याचं आधी ऐकायचं, आणि बाकीच्यांनी तार तशीच धरून थांबायचं. मग ज्याची पाळी आली त्याला विचारायचं, नक्की काय दुखतंय. पीएमबस या प्रमाणात त्यासाठी वेगवेगळे रकाने आहेत: आत येणाऱ्या विजेचा वेगळा, बाहेर जाणाऱ्या व्होल्टेजचा वेगळा, तापमानाचा वेगळा, पंख्याचाही वेगळा.

यातला पहिला रकाना मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बिघाड माझ्यात आहे की मला मिळतच नाहीये, हे तो सांगतो. सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतात, दोन वेगळ्या वायरींवर. एक गप्प झाला तर तो मेला की त्याच्याकडे येणारी लाईन गेली, यावर रात्री दोन वाजता कुणाला उठवायचं ते ठरतं. आणि तरीही हा रकाना फक्त आपल्या भिंतीतल्या प्लगपर्यंतच पाहू शकतो. लाईन आपलीच गेली की इमारतीची, इमारतीची की अख्ख्या पेठेची, हे कोणतीही फाइल सांगत नाही. मी पाहिलेल्या एकाही ऑपरेटिंग सिस्टिममध्ये त्याची सोय नाही, आणि उपयोगाचं म्हणाल तर माणसाला लाईट गेल्यावर नेमकं तेवढंच हवं असतं.

आमच्याकडे त्याची सोय गॅलरीत आहे. लाईट गेले की इमारतीतली दारं उघडतात आणि माणसं कठड्याशी येतात.

"आपलेच गेले की सगळ्यांचे?"

"समोरच्या बिल्डिंगचे आहेत हो."

"ते त्यांचं जनरेटर. रस्त्यावरचे बघा."

"रस्त्यावरचेही गेलेत."

"मग सगळ्यांचेच."

हे ऐकल्यावर सगळ्यांनाच बरं वाटतं. मग कुणीतरी खालून विचारतं, तक्रार नोंदवली का? वरून उत्तर येतं, तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी केली असेल, तेच नेहमी करतात. तिसऱ्या मजल्यावरचे काका तेव्हा कठड्याला टेकून चौथ्या मजल्याकडे बघत विचारत असतात, "काय हो, केलात का फोन?"